काठ धर

गगनबावडा,
रविवार, १४ डिसेंबर १९५२

प्रिय पद्मा,

तुझं पत्र पोचलं. आईंचं जेवण थोडं सुरू झालं म्हणून लिहिलंस, बरं वाटलं. माझी प्रकृती ठीक. खोकला आहे, पण तो इथल्या धुक्यानं. दहा वाजले तरी ऊन नाही. चिमणाबाईंच्या चहाच्या खोपटात बसून लिहितोय. मघाशी त्या म्हणाल्या, "काल तुमच्या म्होरनं कोल्हापूरची गाडी गेली की वो पावणं. आजचीबी सोडनार?"

"मागली घेतो."

"मागली म्हंजे उद्याची व्हय? घ्या मग आनि एक च्या."

कोकणातनं घाट चढून परवाच आलो. तू लिहिलंस, पेठ वडगावच्या स्थळाला नकार कळवला. आबा म्हणाले, एक लेक गेला, आता सयाजीलाच जावई करून घरात आणू. पद्मा, कॉलेज सोडून मी घाट उतरलो तो हे वाक्य कुणी बोलेना म्हणून. आता ते खिशात घडी घालून ठेवलंय आणि दोन दिवस मी गाड्या सोडतोय.

आधी पगाराचं सांगतो. दसऱ्याला मी तुझ्या दादाला, कृष्णातला लिहिलं होतं, 'इथं मला पगार मिळाला.' तुम्ही सगळ्यांनी नोकरी लागली असं धरलंत. धरावं म्हणूनच लिहिलं होतं. तिकडं एका खोडातून कोरलेल्या अरुंद होडीला पगार म्हणतात. सोनू तांडेलांची होती ती. मी त्यांची जाळी ओढायचो, ते मला ती फिरवायला द्यायचे. एकच वल्हं, एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. थंडीत मांड्या भिजून बधिर होतात. शेजारी काळा कातळ सरळसोट उभा, त्याच्यावर आपटून परत फिरलेली लाट पुढच्या लाटेला भिडते, आणि मधे आपण. तिथं सगळं चित्त वल्ह्यात लागतं. तेवढा वेळ तू आठवायची नाहीस.

कृष्णात आला तो ही नोकरी बघायला. होडी बघून पोट धरून हसला. "ह्यो तुझा पगार व्हय रं? मग बोनस काय, तराफा? बसव की मलाबी."

दोघं बसलो की होडीची कड पाण्याला टेकत होती. तरी काढली. खाडीच्या तोंडापर्यंत तो हसतच होता. मग त्यानं मान वळवली. म्हणाला, "सया, गुरवारी पद्मीची सुपारी फुटायची हाय. तुला नोकरी लागली म्हणून आबांसंगं भांडून आलतो. चार दिस थांबा म्हणलो. आता कुठल्या तोंडानं जाऊ?"

मला लाज वाटायला हवी होती. मला राग आला. तुझा, आबांचा, त्याचासुद्धा. वारा दक्षिणेकडं फिरला होता, तांडेलांनी सकाळीच जाळी वर घेतली होती, हे मला दिसत होतं. कृष्णात म्हणाला, "माघारी फिरव." मी वल्हं मारतच राहिलो. "वडगावकराला म्हणावं, ये हितं, बघू किती पाण्यात हाईस," असलं काहीतरी बरळत होतो. टोकाला वळसा घातला आणि लाटेनं होडी आडवी केली.

पुढचं मी आबांना सांगितलंय. होडी उलटली, कृष्णातनं ती सोडली आणि तो किनाऱ्याकडं पोहत निघाला. त्यावरनं तू लिहिलंस, 'दादा लहानपणापासून आगाऊच, त्यात तुझा काय दोष?'

तो आगाऊपणा नव्हता, पद्मा. त्यानं होडी दोन्ही हातांनी धरली होती. मीच ओरडलो, "कृष्णा, काठ धर!"

पंचगंगेच्या पुरात आपण सगळे हेच ऐकत वाढलो. आपला काठ म्हणजे चिखल, एखाद्या झाडाची मुळी, कुणीतरी पुढं केलेला हात. तिथला काठ म्हणजे कातळ. तांडेलांनी पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं, "होडी उलाटली तर होडयेक धरून ऱ्हव. कातळाकडे जाव नुको." मला माहीत होतं. त्याला नव्हतं. तोंडातनं कोल्हापूर निघालं. आणि त्यानं ऐकलं, कारण रंकाळ्यात त्याला पोहायला मीच शिकवलं; पाण्यात मी सांगेन त्याला तो कधी का म्हणून विचारायचा नाही. दहा-बारा हात सुरेख मारले त्यानं. मग लाटेनं उचलला.

मी होडी सोडली नाही. स्वतःसाठी मला तांडेलांचं बोलणं बरोबर आठवलं. 'थांब' म्हणून हाक मारली की नाही, ते शपथेवर सांगता येणार नाही. तीन आठवडे हेच आठवतोय.

तिसऱ्या दिवशी तो सापडला. आबा आले, सगळं आटपल्यावर माझ्या पाठीवर हात ठेवून त्यांनी विचारलं, "शेवटाला काय बोलला का रं?" मी म्हटलं, "न्हाई."

ते खरं आहे. शेवटचं मी बोललो होतो.

हे पत्र आजच्या गाडीच्या कंडक्टरकडं देतोय. केरबा नाव त्याचं, तुमची गल्ली त्याला ठाऊक आहे. एकटीनं वाचून पेटीत ठेवू नकोस. आबांना वाचून दाखव, सगळं, वडगावकराचंसुद्धा. मग वडगावला पुन्हा निरोप धाडायचा असला तर धाडा, मी मधे येणार नाही.

उद्याच्या गाडीनं मी येतो. घरात घ्या म्हणून नव्हे. दार लावून घेतलंत तर पायरीवर बसेन, आबा बाहेर आले की तोंडानं सांगेन.

आईंना आणि आबांना नमस्कार लिहायची हिंमत नाही, तरी लिहितो.

आत्ता कुठं होडी सोडलेला,
सयाजी