जबड्याची हळद

मु. नरसी, फाल्गुन, सन १९३८

राजश्री तातेराव पाव्हणे यांस सोनाजीचा हात जोडून रामराम. गोरेगावी सगळ्यांची तब्येत बरी असावी, तुमचा गुडघा चालता राहावा, एवढंच देवाजवळ मागणं. इकडे मी खुशाल आहे (जबडा सोडून). तुमच्या बहिणीला तुमच्या पोरीच्या लग्नासाठी पोचवून दोन महिने झाले. लग्न झालं, मांडव निघाला, ती मात्र आली नाही. लेकरू नाही म्हणून मी दुसरी बायको करतोय, असं तिच्या कानावर गेलं म्हणे. त्याचा हा खुलासा. तिला वाचून दाखवावा.

झालं असं की खालच्या जबड्याला उजवीकडे सूज आली. दुखेना, खुपेना, नुसती वाढत चालली. लोकांना वाटे, मी गालात सुपारी धरून बसलोय. शेजारच्या फातिमाबी म्हणाल्या, "काहून घाबरून राहिले? हळद लावा, बसते सूज." आमच्याकडे या दिवसांत हळद शिजते, तिला काय तोटा! (किती लावायची ते सांगणारं माणूस गोरेगावी.) मी गालाला, गळ्याला फासली, पुसायला फडकं सापडेना म्हणून हातही कोपरापर्यंत पिवळे झाले. वरून उपरण्यानं जबडा आवळला आणि हिंगोलीच्या डॉक्टरकडे निघालो. धोतरं सगळी धुवायची पडलेली, म्हणून नवं कोरं नेसलो. गाडी फातिमाबींच्या पोराची, इनायतची, त्याच्या एका हातात कासरा आणि दुसऱ्या हातानं माझ्यावर छत्री धरलेली, ऊन लागू नये म्हणून. वाटेत तुमच्या गावच्या शालूबाई कासारीण भेटल्या. "नवरी कुठली व्हय?" माझं तोंड बांधलेलं. डॉक्टरकडे निघालोय हे सांगायला मी हिंगोलीकडे बोट केलं. त्यांनी तिथूनच कडाकडा बोटं मोडून माझी दृष्ट काढली.

डॉक्टरनं जबडा दाबला, तर आतून अंड्याचं टरफल चुरावं तसा आवाज आला. मग सुई घालून पिवळं पाणी काढलं. मला वाटलं, फातिमाबींची हळद आतपर्यंत मुरली. पण तो म्हणाला, तुमची एक दाढ हाडातच अडकून राहिलीय आणि तिच्याभोवती पाण्याची पिशवी झालीय. (पंचेचाळिसाव्या वर्षी दाढ यायची राहिलेला नवरदेव तुम्ही कुठं पाहिलाय?) पिशवीनं हाड पोखरून पापडासारखं केलंय. येत्या बुधवारी हैदराबादला जाऊन ती काढायची आणि हाड मोडू नये म्हणून वरचे-खालचे दात तारेनं बांधून दीड महिना तोंड बंद ठेवायचं. बाकी काय लिहू, तुम्ही समजदार आहात. वडील माणसांना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

ता. क. तुमच्या बहिणीनं यायची काही गरज नाही. इनायत सोबत येतोय. स्वयंपाक मला बराबर जमतो.

ता. क. दुसरा. जमत नाही. भाकरी करपते आणि करपली म्हणून सांगायला समोर कुणी नसतं. घरात शिरताना अजून तिच्या बांगड्या ऐकू येतील म्हणून उंबऱ्यात थांबतो. पाव्हणे, तिला बुधवारच्या आत पाठवा. हाड फार पातळ आहे, पुढं काय होईल ते डॉक्टरलाही ठाऊक नाही.

ता. क. तिसरा. हे तिला एकटीला वाचून दाखवा. सत्तावीस वर्षं 'अवं, ऐकलं का' म्हणत काढली, तुझं नाव मोठ्यानं एकदाही घेतलं नाही. तोंड बांधायच्या आधी घ्यायचंय. मनकर्णा, ऐकायला ये.