पाला मी धुतला, त्याबद्दल

सुदेष्णा,

तुझी आंघोळ होईपर्यंत थांबले असते तर पालघरची एस.टी. चुकली असती, म्हणून लिहून ठेवते. मी सातपाटीला भावाकडे चालले आहे. उद्या संध्याकाळी परत येईन.

काल तुझ्या बाबांनी लेकीच्या सासरी म्हणून कलकत्त्याहून बर्फात घालून इलिश मासा आणला. लग्न होऊन नाशिकला आल्यापासून चाळीस वर्षांत मला तो दिसला नव्हता. "अगं, हा तर आमचा पाला!" म्हणत मी तुझ्या हातून विळी घेतली. नाव आमचं निघालं, तर मासाही माझाच झाला. तुकड्या मीठ चोळून तीन पाण्यांनी धुतल्या. तू "आई, नको" म्हणालीस, ते मी ऐकलं होतं. कापल्यावर धुतला की त्याचं तेल आणि चव जाते, हे माझ्याच लेकानं, हेमंतनं, नंतर सांगितलं. बाबा बिचारे हसतमुखानं जेवले. तू मात्र ताटावरून उठलीस. चुकलं माझं.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या गेल्यात. भाऊ कुठून तरी पाला मिळवून देईल. बाबांचं उद्याचं तिकीट हेमंतला नाशिकरोडला जाऊन परवाचं करून आणायला सांग.

वरण कुकरमध्ये आहे.

मासा अख्खाच आणते. विळीवर तू बस, मी मध्ये बोलणार नाही.

आई