दोनपैकी दुसरी शस्त्रक्रिया

मी, कु. चंद्रा नाथाजी कणसे, वय एकोणतीस, पाटबंधारे खात्यात आरेखक, मूळची लोणंदची, सध्या राहणार सांगली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. शरीराबद्दल तसे म्हणता येत नाही. वजन एकशे एकतीस किलो, रक्तदाब जास्त, रक्तात साखर. पुढील आठवड्यात मुंबईस माझ्यावर वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया होणार आहे. तीत मी दगावले तर पुढीलप्रमाणे व्हावे.

१. प्रथम निर्णयाबद्दल, कारण माझ्यामागे भांडण त्यावरूनच होईल. डॉक्टरांनी दोन शस्त्रक्रिया समजावून सांगितल्या. पहिलीत लहान आतड्याचा बराच भाग अन्नाच्या वाटेतून वगळतात. माणूस पूर्वीसारखाच जेवतो, पण जेवलेले अंगी लागत नाही. वजन झपाट्याने उतरते. जुलाब, मुतखडा, यकृताचे दुखणे मागे लागू शकते. दुसरीत जठराच्या वरच्या टोकाला लहान पिशवी वेगळी करून ती आतड्याला जोडतात. चार घासांत पोट भरते, वजन सावकाश उतरते. पहिली डॉक्टरांनी पुष्कळदा केली आहे. दुसरी अवघड आहे आणि त्यांनी ती मोजक्याच वेळा केली आहे. हे त्यांनी मी न विचारता सांगितले, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास आहे.

२. मी दुसरी निवडली आहे. माझी नोकरी कालव्यांचे नकाशे काढण्याची. कालवा मध्येच तोडून पाणी थेट ओढ्याला सोडले, तर कागदावर पाणी गेलेले दिसते, पण मधली शेते कोरडी राहतात. त्यापेक्षा मुखाशीच दार लहान करणे मला पटते.

आई बयाबाई हिचे मत पहिलीकडे आहे. ती डॉक्टरांना म्हणाली, "आवं, ती पयलीच करा. चार बायकांत बसली तर ताट संपवून तरी उठंल. चार घासांत उठली तर लोक म्हनतील, पोरीला कायतरी झालंय." झालेलेच आहे, असे मी म्हटले. थोरले बंधू धनाजी म्हणाले, "दोनी नगंत. उपास कर की." हे ते दुसऱ्यांदा रस्सा वाढून घेताना म्हणाले.

३. पोट उघडल्यावर दुसरी जमणार नाही असे दिसले तर पहिली करू का, असे डॉक्टरांनी विचारले आहे. माझे उत्तर नाही. पोट शिवून मला परत पाठवावे. मृत्युपत्र मृत्यूनंतरच लागू होते, तेव्हा हे कलम येथे निरुपयोगी आहे, हे मला कळते. ते वेगळ्या कागदावर लिहून डॉक्टरांना दिले आहे. येथे लिहिले ते एवढ्यासाठी, की "पहिली केली असती तर वाचली असती" असे कोणी आईला ऐकवू नये, आणि आईने डॉक्टरांना ऐकवू नये.

४. लहानपणी मला विषमज्वर झाला, तेव्हा पोरगी वाचली तर तिची गूळतुला करीन, असे आईने भैरोबाला बोलले होते. तेव्हा मी काटकुळी होते. नवस फेडण्याइतका गूळ घरचा व्हायला वेळ लागला आणि तोवर मी वाढले. देवळापुढे तराजूत बसले तेव्हा गूळ कमी पडला, पारडे हलेना. गर्दीतून कोणी म्हणाले, "आनखी एक ढेप आना रं, पोरगी अजून जमिनीलाच हाय." शेजारच्या गुऱ्हाळातून ढेपा येईपर्यंत मी पारड्यात बसून होते. हसणाऱ्यांना मी क्षमा केलेली नाही. मेल्यावरही केली असे समजू नये. पोरगी बारीक होऊन आली तर पुन्हा गूळतुला करीन, असे आई परवा बोलून बसली आहे. मी जगले तर हा नवस मी फेडू देणार नाही. मेले तर तो आपोआप सुटतो.

५. सुताराकडून करवून घेतलेली माझी बिनहातांची रुंद खुर्ची धनाजी यांना. त्यांना ती लवकरच लागेल. नकाशाची पेटी, पट्ट्या व शाईच्या लेखण्या त्यांची मुलगी बना हिला. त्या धुऊन, पुसून ठेवाव्यात.

६. वडिलांमागे माझ्या वाट्याला आलेली जमीन आई बयाबाई हिला. (हे कलम रद्द. कलम सात पाहावे.)

७. वरील मजकूर आज दुपारी आईला वाचून दाखवला. साक्षीला कोण, असे तिने विचारले. आमच्या कार्यालयातले मुख्य आरेखक लालासाहेब मोहिते आणि त्यांच्या ओळखीचे कोणीतरी, असे मी सांगितले.

"आन् मी?"

"ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीला राहू नये, असं वकील म्हणतात."

ती तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "मग मला काय नगं. जमीन बनीच्या नावानं घाल. उद्या काय झालंच, तर लोक म्हनतील, पोरीचं डोस्कं फिरलं हुतं. परकं मानूस तवा काय सांगनार? मी सांगंन, न्हवतं फिरलं. माझ्यासंगं भांडून भांडून ठरवलंय तिनं."

"तुला अजून पहिलीच बरी वाटते ना?"

"व्हय. पर प्वाट तुझं हाय."

सबब जमीन बना हिला द्यावी. उत्पन्न तिच्या शिक्षणाला लावावे. आई बयाबाई हिला या मृत्युपत्राने काहीही दिलेले नाही.

(सही) चंद्रा नाथाजी कणसे

आम्हा दोघांसमक्ष चंद्रा हिने सही केली. ती पूर्ण शुद्धीवर आहे.

साक्षीदार:
१. बयाबाई नाथाजी कणसे, लिहिणारीची आई. निशाणी डाव्या हाताचा अंगठा
२. (सही) लालासाहेब मोहिते

सांगली, दि. ९ नोव्हेंबर १९७८