मामांचं मत

प्रिय मामा,

लिफ्टचा नियम ठरवणाऱ्या सरकारी समितीच्या सेक्रेटरीला फोनवर जे मत दिलं गेलं ते मी दिलं. तुमच्या आवाजात. तुमच्यासारखा घसा खाकरून, वाक्याच्या मधेच चष्मा पुसायला थांबून. फोनवर चष्मा दिसत नाही, तरी मी पुसल्यासारखं केलं. झालं, लिहून टाकलं. आता पुढचं वाचा, कागद फेकू नका. डाव्या हाताने फेकलात तर कॉटखाली जाईल आणि मलाच रांगत काढायला लागेल.

लिहितोय अशासाठी की मी बोलायला लागलो की तुम्ही डोळे मिटता. टीव्हीवर तो आवाज ऐकलात त्या दिवसापासून मिटता. डॉक्टर म्हणतात, तुम्हाला ऐकलेलं-वाचलेलं सगळं कळतं, फक्त शब्द तोंडापर्यंत पोचत नाहीत. शुद्धलेखनाचं मात्र सोडून द्या. दहावीला दोनदा नापास झालेल्या भाच्याकडून तेवढी अपेक्षा तुम्ही कधी केली नाहीत, आज पण करू नका.

आईने मला तुमच्याकडे धाडलं ते मामाच्या धाकात सुधारेल म्हणून. सुधारतोय कसला, तुमची नक्कल तेवढी शिकलो. आणि ती सगळ्यात जास्त आवडायची तुम्हालाच. विद्यार्थी घरी आले की म्हणायचात, पोपट, दाखव रे यांचा मास्तर कसा बोलतो. मी पडद्यामागून तुमचं ठरलेलं वाक्य टाकायचो, ज्याची तपासणी व्हायची त्याच्याच हातात पेन देऊ नका. पोरं हसून लोळायची. त्याचा अर्थ तुम्ही मला एकदा जेवताना सांगितला होता, की परीक्षा देणाऱ्यानेच स्वतःचा पेपर तपासला तर काय होईल? मी म्हटलं, मामा, मी पास होईन. तुम्हाला हसून ठसका लागला, बाबा हळू, म्हणत ताईने पाणी आणलं. त्या एका वाक्यावर बॉयलरचे, पुलांचे, औषधांच्या कारखान्यांचे किती नियम उभे आहेत ते मला फार उशिरा पेपरातून कळलं. माझ्यासाठी ती नुसती झकास जमणारी नक्कल होती.

मग तुम्ही बाथरूममध्ये पडलात. उजवी बाजू गेली, वाचा गेली. ताईच्या तोंडचं पाणी पळालं. घर तुम्ही शिकवता त्या संस्थेचं, तुम्ही पदावर आहात तोवरच आपलं. संस्थेच्या अध्यक्षांचा फोन वाजला तेव्हा ताईनेच तो माझ्या हातात कोंबला. एकदाच रे, नुसतं सर्दी झालीय म्हण, घरून काम करतो म्हण. मी म्हटलं. अध्यक्ष म्हणाले, गरम पाणी पीत जा, आवाज फार बसलाय तुमचा. ताई हसली आणि हसता हसताच रडायला लागली. तुमच्या खोलीचं दार उघडं होतं. तुम्ही ऐकलंत का, ते मी कधी विचारलं नाही.

सेक्रेटरीचा फोन आला तेव्हा ताई तुमची औषधं आणायला गेली होती. लिफ्टच्या नियमावरून समितीत दोन तट पडले होते. दर वर्षी सरकारी तपासनीसाने येऊन लिफ्ट बघायची, की मालकाने स्वतः ठीक आहे असं लिहून दिलं की पुरे? आणि दोन्हीकडचे म्हणत होते, सरांना विचारा, ते म्हणतील तसं. मला फोन कट करता आला असता. पण मामा, एवढी मोठी माणसं कान टवकारून बसलीत आणि बोलणारा मी! अंगात आलं माझ्या. तुमचं ठरलेलं वाक्य टाकलं असतं तरी निभावलं असतं. पण ते त्याला पाठच असणार, त्यात काय मजा? म्हणून मी तुमचं जेवणाच्या टेबलावरचं वाक्य टाकलं. ताईने मीठ बंद केल्यावर बरणी पळवताना म्हणायचात ना, नियम जितके कमी, तितका माणूस शहाणा. सेक्रेटरी गारच पडला. सर, हे तुम्ही म्हणताय? आयुष्यभर तर उलटं सांगत आलात! मी खाकरलो. म्हटलं, मत बदलता येत नसेल तर म्हातारं व्हायचं कशाला? मालकावर विश्वास ठेवून बघा. तो हसला. म्हणाला, रेकॉर्ड केलंय, सभेत ऐकवतो, तुमचा आवाज म्हटल्यावर सही पण नको. मी फोन ठेवला आणि आरशात बघून स्वतःला सलाम ठोकला. खोटं कशाला सांगू.

पेपरात आलं तेव्हा ताईने माझ्या थोबाडीत दिली. मग समोर बसून हिशोब मांडला. खरं सांगायचं म्हटलं तर तो आवाज कुणाचा ते सांगायला लागणार, ते सांगितलं की पहिला फोन पण निघणार, आणि मग घर जाणार. म्हणाली, बाबा बरे झाले की स्वतःच मत फिरवतील. मी पण नंदीबैलासारखी मान हलवली. तोवर तुमचे जुने विद्यार्थी एकमेकांवर तुटून पडले होते. एक लिहितो, सरांनी शेवटी डोळे उघडले. दुसरा लिहितो, सर विकले गेले. त्या भांडणात मालकाने लिहून दिलं की पुरे, हा नियम पास झाला. ते पेपर मी तुमच्यापासून लपवले. पेपरवाला आला नाही म्हणायचो.

मग त्या कपडे शिवायच्या कारखान्यातली लिफ्ट तुटली. दोर झिजलेला, आणि सगळं ठीक आहे असा मालकाचा कागद भिंतीवर, काचेच्या चौकटीत. काम सुटल्यावर पोरी खाली उतरत होत्या. चौघी गेल्या. मी बघायला गेलो, का गेलो देव जाणे. आतून एकेक चप्पल काढून बाहेर मांडत होते, जोडी लागते का बघत. घरी आलो तर बातम्यांत तुमचा फोटो आणि त्याच्याखाली माझा आवाज. मालकावर विश्वास ठेवून बघा. तुम्ही आधी टीव्हीकडे बघितलंत, मग हळूहळू मान वळवून माझ्याकडे. ताई उठली आणि धुतलेलीच भांडी परत धुवायला लागली.

त्यातल्या एकीचा बाप रोज सकाळी आपल्या फाटकाशी येऊन उभा राहतो, तुम्ही बघताच. गवंडी आहे. दगड मारत नाही, शिवी देत नाही. पहिल्या दिवशी मला म्हणाला, बाळा, साहेबांना जरा बोलावतोस? भांडायला नाही आलो. एवढंच विचारायचंय, असं का सांगितलं त्यांनी? मी म्हटलं, आजारी आहेत, बोलता येत नाही. तो म्हणाला, टीव्हीवर तर चांगले बोलत होते. मी फाटकाला कडी घातली आणि आत पळालो मामा. तेव्हापासून तो आला की मी खिडकीचा पडदा ओढतो, आणि तुम्ही डाव्या हाताने तो परत सरकवता.

काल सकाळी पण सरकवलात. ताई आंघोळीला गेली होती, मी चहा घेऊन दारात होतो. बोलायला शिकवणाऱ्या बाई इतके आठवडे पा, बा, मा करून दमल्या, आणि तुम्ही त्या माणसाकडे बघत म्हणालात, मी नाही. खिडकी बंद होती, त्याला ऐकू गेलं नाही. मग परत म्हणालात, जोर लावून. मी नाही. गरम चहा माझ्या पायावर सांडला, तरी मी जागचा हललो नाही. म्हणून हे पत्र. ताईला मी अजून सांगितलेलं नाही की तुम्हाला बोलता येतंय. बाई परवा येतील, सोमवारी चौकशीवाले येणार आहेत. तुम्ही बोललात तर तुमचं नाव धुऊन निघेल, ताई रस्त्यावर येईल, मी आत जाईन. आणि आत जायच्या आधी तो गवंडी एकदा माझ्याकडे बघेल. मला तुरुंगापेक्षा त्याचीच भीती वाटते. जे मागतोय ते नीच आहे, मला कळतं, तेवढी अक्कल आहे. तरी मागतो. अजून थोडे दिवस मुके राहा. वाचून झालं की हा कागद माझ्याच हातात द्या. बाईंसमोर नको, ताईसमोर नको, खिडकीशी तर नकोच नको. पाया पडतो मामा, कुणाला सांगू नका.

तुमचाच,
पोपट