कामरगावचा डबा किती भरला?

३ नोव्हें., सोम.
चहाआधी वाशीमहून कामरगावच्या डब्यात लॉगिन. डिस्क ६१ टक्के. ठीक. डबा म्हणजे आपला सर्व्हर, ना स्क्रीन ना कीबोर्ड, आईच्या घरात कांद्याच्या पोत्यांशेजारी. वांग्याच्या वावरातल्या कॅमेऱ्याला काही हललेलं दिसलं, की याच डब्यात रेकॉर्ड होतं. दादाची अट: कॅमेरा चालू तोवर आई तिथे एकटी राहील. बंद पडला की नागपूरला त्याच्याकडे. आई म्हणते, "मी नाही जात कुठी."

६ नोव्हें., गुरु.
७९! वावरात नीलगायी शिरल्या की काय, म्हणून आईला फोन. "रोही येऊन राह्यले का वं?"
"एक बी नाही आला. तुया मशीनलेच काही झालं असन."
ऑफिसात दिवसभर लक्ष नाही.

७ नोव्हें., शुक्र.
८८. शंभर झाले की कॅमेरा आंधळा, आणि दादा गाडी घेऊन हजर. एकेक क्लिप उघडली. रोही नाही, माणूस नाही. साड्या! रोह्यांना भिववायला आईने कुंपणाला जुन्या साड्या बांधल्यात. वारा सुटला की हलतात, कॅमेरा इमानदारीत टिपतो. माझ्या बारशाची जांभळी तर दोन दिवस नाचतेय. हसून पोट दुखलं.
"काढ ना त्या."
"काहून? वांगं वाचलं त्याच्यानं. तुया डब्यासाठी रोह्याले जेवू घालू का?"
बरोबरच आहे तिचं.

८ नोव्हें., शनि.
सेटिंगमध्ये कुंपणाचा पट्टा वगळला, तिथलं हलणं आता मोजायचं नाही. साड्यांच्या क्लिपा उडवल्या. ५८! स्वतःच स्वतःला शाबासकी, दोन चहा.
दादा फोनवर, "या वेळी निभावलं. संक्रांतीला येतो, मग ठरवू." सगळा उत्साह गेला.

१३ नोव्हें., गुरु.
६४. आता काय? पाहते तर रविवारपासून रोज सकाळी सातला आई कॅमेऱ्यासमोर, पदर सावरून. वांगं दाखवते, बोट नाचवते, बोलतच राहते. कॅमेऱ्याला आवाज नाही, हे तिला कुठे ठाऊक!
"कोनाशी बोलतं वं?"
"तुयाशीच. सकाळी उठून पायतं ना तू?"
मी फक्त टक्के पाहत होते. लाज वाटली. एक क्लिप दादाला पाठवली. पाहिली त्याने.

१४ नोव्हें., शुक्र.
६५. आईच्या क्लिपा काढवत नाहीत. मोठी डिस्क बघायला हवी.
आत्ताच दादाचा मेसेज: "याले आवाज कसा लावाचा?"