काजलला समुद्र दाखवायचा आहे

पिपरी मेघे, डिसेंबर २००३

प्रिय दादा,

अंध मुलींच्या शाळेत मी गोव्याहून आणलेले शंख घेऊन गेले होते. ते चाचपताना काजलनं विचारलं, "ताई, समुद्र केवढा असते?" इतकी वर्षं समुद्रावर संशोधन करूनही मला सांगता येईना. म्हटलं, "तुम्हा सगळ्याजणींना नेतेच."

शाळेच्या बाई म्हणाल्या, "त्यायले दिसत नाई. काऊन नेता?"

काजल म्हणाली, "पाय तर ओले होतीन ना, बाई."

बाईंनी होकार दिला. सहल ठरली, नेमकी आमचं संशोधन-जहाज सुटण्याच्या दिवशी. जहाजावरची माझी जागा मी आज सोडली. तेव्हापासून घरात नुसत्या येरझारा घालतेय.

बहीण जहाजावर चालली, असं तू अख्ख्या आष्टीत सांगितलंस. म्हणून हे पत्र टाकवत नाही. तिकडे काजल पिशवी भरून बसली आहे.

तुझी धाकटी,
करुणा