नाकावरची शेवटची खूण

नशिराबाद,
अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी

प्रिय नाना,

उद्या आखाजी. वहिनींनी पितरांसाठीची मातीची घागर आणून ठेवली आहे आणि यंदा ती तुझ्या नावाने भरायची आहे. थोरल्याची घागर धाकट्याने पुजायची, हे तुला पटतं का रे? मला पटत नाही. म्हणून तुझ्या शेडमध्ये येऊन बसलोय आणि लिहितोय.

तुझं विमान जागच्या जागी आहे. कूलरच्या बॉड्या बनवणाऱ्याने विमान करायला घ्यावं, म्हणून अख्खं गाव हसलं. मीही हसलो. तरी प्रत्येक भाग बसवताना तुझी हाक यायचीच, "पंडित, खडू आण!" माझ्या संस्कृतच्या तासाला उरलेले तुकडे! विमानाच्या काठाला खडू फासायचा, फायबरचा भाग दाबून बघायचा आणि जिथे खडू उमटेल तिथे कानस चालवायची. फळ्यावर माझ्या खडूचा एवढा उपयोग कधी झाला नाही.

मागची आखाजी आठवते? इंजिनावरचं टोपण, म्हणजे विमानाचं नाक, त्या दिवशी करायचं होतं. "पहाटे गारव्यात उरकू, उन्हात हार्डनर घातलेलं रेझिन लगेच आळतं," तू म्हणालास. मी अडून बसलो. आधी आपल्या आबांची घागर, त्यांचं ताट, मग काम.

"पंडित, पितरं थांबतील रे. हार्डनर नाही थांबत!"

"शास्त्र म्हणजे शास्त्र, नाना."

सांजोऱ्या-आमरस आटोपेस्तोवर दोन वाजले. वरचे पत्रे तापून लाल. फायबरचे थर पुरते बसायच्या आत अर्धं रेझिन भांड्यातच दगड झालं आणि साच्यातून निघालं ते वाकडं नाक. मला वाटलं, आता रागावशील. तू नाक निरखलंस आणि म्हणालास, "तुझ्यावर गेलंय!"

रागावला असतास तर बरं झालं असतं.

"नवं करू," मी म्हटलं. "कशाला? घासून घासून बसेल." आषाढापर्यंत घासत राहिलास. मग एका दुपारी छातीत कळ आली, आणि नाक बसायचं राहून गेलं. मी पहाटेचं ऐकलं असतं तर ते बसलेलं तू पाहिलं असतंस. हे मी कुणाजवळ बोललो नाही. वहिनी एकदाच म्हणाल्या, "भाऊजी, बिननाकाचं बघवत नाही हो."

तेव्हापासून दर रविवारी कानस माझ्या हातात. तू करून ठेवलेल्या खडूच्या खुणा एकेक करून घासल्या. आता डाव्या अंगाची एकच उरली आहे. एक बाण, आणि शेजारी तुझ्या गिचमिड अक्षरात 'इथं थोडं'. ती घासली की नाक बसेल. ती घासली की तुझं अक्षर जाईल. तीन रविवार कानस धरून नुसता बसलोय, नाना. इतकं थोडं का ठेवलंस रे माझ्यासाठी?

पण आता ठरवलंय. उद्या पहाटे, गारव्यात, आधी ते 'थोडं' घासणार. नाक बसवून वहिनींना दाखवणार. मग आंघोळ आणि मग तुझी घागर. तुझ्या ताटाला उशीर होईल. पितरं थांबतात, असं तूच म्हणाला होतास ना? आता थांबून दाखव.

तुझा वाकड्या नाकाचा धाकटा,
पंडित